दुखावलेला मुसलमान आणि लिहिणारा मुसलमान

दिवाळीच्या अंकात धर्माच्या भांडणाचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. चिवड्यात खडा लागल्यासारखे होते, असे संपादक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरीही यंदा मी हा विषय काढणार आहे, आणि तो एका जुन्या मराठी कादंबरीच्या निमित्ताने. कादंबरी हमीद दलवाई यांची, 'इंधन'. मौज प्रकाशनाने ती १९६५ साली प्रसिद्ध केली. दलवाई हे नाव मराठी माणसाला माहीत आहे. भाषणांत आणि अग्रलेखांत ते येते; निवडणुका जवळ आल्या म्हणजे तर जरा जास्तच येते. पण हे नाव घेणाऱ्यांपैकी 'इंधन' वाचलेले किती, असे विचारले की बहुतेक जण विषय बदलतात. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या वर्ध्याला शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तेथे मांडवाबाहेर चहा पिता पिता दोघा सुशिक्षित गृहस्थांनी मला दलवाईंचे महत्त्व पाऊण तास समजावून सांगितले. मुसलमानांना त्यांनी चांगले खडसावले, हा त्याचा सारांश. दलवाई कथा लिहीत, कादंबरी लिहीत, हे त्या पाऊण तासात एकदाही आले नाही. मी ते सांगितले तेव्हा "हो का?" म्हणून दोघांनी कप खाली ठेवले.

'इंधन' आज पुन्हा का वाचायची हे सांगायला मला जरा लांब, युरोपात जावे लागेल. देवळीहून युरोप किती लांब आहे हे मला ठाऊक आहे. वर्ध्याची बस वेळेवर मिळाली तरी आम्ही धन्यता मानतो. परंतु हल्ली युरोपातले भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पानठेल्यावर येऊन पोहोचते, आणि मग ते भांडण आपलेच असल्यासारखे लोक बोलू लागतात. तेव्हा ते नीट समजून घेतलेले बरे.

भांडण असे आहे. ज्या समाजात कोणालाही कशाचीही थट्टा करण्याची मुभा आहे, देवाचीसुद्धा, त्या समाजात श्रद्धाळू मुसलमानाने कसे राहावे? ३० सप्टेंबर २००५ रोजी डेन्मार्कमधल्या 'युलांड्स-पोस्टेन' या वृत्तपत्राने पैगंबरांविषयीची बारा व्यंगचित्रे छापली आणि पुढचे काही महिने अनेक देशांत जाळपोळ झाली, माणसे मेली. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकावर हल्ला होऊन बारा जण ठार झाले. १६ ऑक्टोबर २०२० रोजी सॅम्युएल पाती नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाचा पॅरिसजवळच्या एका गावात खून झाला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा शिकवताना त्यांनी वर्गात 'शार्ली एब्दो'तली व्यंगचित्रे दाखवली होती. ज्या मुलीच्या सांगण्यावरून त्यांच्याविरुद्ध काहूर उठले, ती त्या तासाला वर्गात हजरच नव्हती, हे मागाहून उघड झाले. बापाने मुलीचे ऐकले, जगाने बापाचे ऐकले, आणि अठरा वर्षांच्या एका परक्या पोराने मास्तरांचा गळा चिरला. मी स्वतः शाळेत शिकवतो. मुले घरी जाऊन काय सांगतात आणि ते आळीत फिरून काय रूप धारण करते, याचा अनुभव प्रत्येक मास्तराला असतो. आमच्याकडे फार तर मुख्याध्यापकांकडे तक्रार येते. त्यामुळे पाती मास्तरांची हकीकत मला इतर बातम्यांसारखी वाचून बाजूला ठेवता आली नाही.

या साऱ्या वादावर तिकडे पुस्तकांचे ढीग पडले आहेत. त्यांतले इकडे जे पोहोचते त्यात मला दोनच आवाज मोठे ऐकू येतात. एक म्हणतो, इथे राहायचे तर थट्टा सोसा, नाहीतर आपल्या देशी जा. दुसरा म्हणतो, हे लोक गरीब आहेत, परके आहेत, त्यांच्या भावना दुखवू नका. पहिला उर्मट आहे, दुसरा दयाळू आहे. पण मुसलमान कोण, याविषयी दोघांचे एकमत आहे. मुसलमान म्हणजे ज्याच्या भावना दुखावल्या जातात तो माणूस. दुखावणे एवढेच त्याचे काम. लिहिणे, वाचणे, चूक काढणे, आपल्याच मौलवीशी हुज्जत घालणे, ही कामे जणू इतरांची.

वस्तुस्थिती तशी नाही. शार्ली एब्दोच्या कचेरीजवळ रस्त्यावर मारला गेलेला पोलीस शिपाई अहमद मेराबे मुसलमान होता. आणि कचेरीच्या आत मारल्या गेलेल्यांत मुस्तफा उराद हे गृहस्थ होते, जन्माने अल्जीरियाचे. त्या साप्ताहिकात त्यांचे काम काय होते? मुद्रिते तपासण्याचे! दिवाळी अंकाच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको की मुद्रितशोधक हा कोणत्याही छापील पानाचा पहिला खरा वाचक असतो आणि त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. फ्रेंच लोकांच्या फ्रेंचमधल्या चुका एक अल्जीरियन माणूस दुरुस्त करीत होता. एवढ्या एका गोष्टीवर एक कादंबरी उभी राहील. तिकडे कोणी लिहिली असल्यास मला वाचायची आहे.

आणि उदारमतवादाचा डांगोरा पिटणारे सरकारही या बाबतीत सरळ चालत नाही. फ्रान्सने २००४ साली कायदा करून सरकारी शाळांत मुलींना डोक्यावर रुमाल बांधायला बंदी केली. देवाची थट्टा चालेल, रुमाल चालणार नाही! डेन्मार्कने ईश्वरनिंदेचा जुना कायदा २०१७ साली काढून टाकला, आणि कुराण जाळण्याचे प्रकार होऊ लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या विटंबनेविरुद्ध नवा कायदा केला. मागच्या दाराने घालवलेली म्हैस पुढच्या दाराने पुन्हा गोठ्यात.

आपल्याकडे हे सारे फार आधी होऊन गेले आहे. लाहोरात १९२४ च्या सुमारास 'रंगीला रसूल' नावाची पुस्तिका निघाली. पुढे आमच्या सेवाग्रामी येऊन राहिलेल्या गांधीजींनी तेव्हाच तिच्याविरुद्ध कडक लिहिले होते. प्रकाशक राजपाल न्यायालयातून सुटले, म्हणून १९२७ साली दंडविधानात २९५-अ हे कलम घालण्यात आले, आणि तरीही १९२९ साली राजपाल यांचा खून झालाच. म्हणजे भावनांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने प्रकाशकाचे रक्षण झाले नाही. ते कलम मात्र राहिले. २०२४ च्या जुलैपासून दंडविधान जाऊन न्यायसंहिता आली तेव्हा त्याचा क्रमांक २९९ झाला, इतकेच. सलमान रश्दी यांच्या कादंबरीच्या आयातीवर आपण १९८८ साली बंदी घातली. २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयात असे निघाले की त्या बंदीचा कागदच कोणाला सापडत नाही. छत्तीस वर्षे एक पुस्तक न सापडणाऱ्या कागदाच्या जोरावर बाहेर राहिले. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी खेपा घातलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

आता 'इंधन'कडे येतो.

दलवाईंचा जन्म १९३२ सालचा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. राष्ट्र सेवा दलात वाढले, अत्रे यांच्या 'मराठा'त काम केले. १९६१ साली 'लाट' हा कथासंग्रह आला आणि चार वर्षांनी 'इंधन'. हृदयविकाराच्या दुखण्यातून उठलेला एक माणूस पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी विश्रांतीसाठी परततो, अशी सुरुवात आहे. तो मुसलमान घरात जन्मलेला आहे, पण धर्म मानीत नाही. गाव मात्र मानते. घरात वडील आहेत, भाऊ आहे. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, बौद्ध आहेत, ब्राह्मण आहेत. जुनी जमीनदारी गेलेली आहे, तिचा ताठा गेलेला नाही. पुरुषांच्या चोरट्या भानगडी आहेत, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि कोणी बोलत नाही तोवर सगळे सभ्य आहेत. मग एक दिवस बोलले जाते, आणि गाव पेटते.

या कादंबरीचे नाव मला फार नेमके वाटते. दलवाईंनी तिला 'आग' म्हटले नाही, 'वणवा' म्हटले नाही. इंधन म्हणजे सरपण. ते घरोघरी असते, आपण स्वतःच्या हाताने तोडून आणून, वाळवून, परसात रचून ठेवलेले असते, आणि त्यात वाईट असे काही नसते. दंगलीवरच्या आपल्या बहुतेक गोष्टींत काडी ओढणारा शोधून काढतात: कोणी पुढारी, कोणी बाहेरगावचा गुंड. दलवाई काडीपेक्षा सरपण दाखवतात. एका घरातली असूया, दुसऱ्या घरातला जुना अपमान, तिसऱ्या घरातली वासना. यांतले एकही धर्माचे नाही, पण पेटले म्हणजे सगळ्याला धर्माचे नाव पडते. साठ वर्षांपूर्वी हे कोणी असे मराठीत लिहिले नव्हते, आणि मुसलमानाच्या घरात बसून तर नाहीच नाही.

मराठी कथेतला मुसलमान तोवर दोन साच्यांत बसत असे. ऐतिहासिक कादंबरीत तो दाढी कुरवाळणारा शत्रू, आणि सामाजिक कथेत तो पाच वेळा नमाज पढणारा, हिंदू मुलीला बहीण मानणारा, शेवटच्या प्रकरणात जीव देणारा चाचा. दुसरा साचा चांगुलपणाचा आहे म्हणून आपण त्याला साचा म्हणत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे गाद्या पिंजायला एक म्हातारे पिंजारी येत. या भागात कापूस आहे तोवर पिंजारी आहेत. मी गोष्टी लिहितो हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. एकदा कापूस पिंजता पिंजता मला म्हणाले, "गुरुजी, मले पुस्तकात घेता त घ्या. पन निस्ता भला मानूस करू नोका. मी घरात भांडतो, उधारी बुडवतो, तेबी लिवा." साहित्य संमेलनातली अनेक अध्यक्षीय भाषणे मी वाचली आहेत, पात्रचित्रणाविषयी याहून उपयोगी असे मला त्यांत क्वचितच आढळले. 'इंधन'मधला प्रत्येक मुसलमान घरात भांडतो आणि उधारी बुडवतो, आणि म्हणूनच तो आपल्याला शेजाऱ्यासारखा दिसतो.

दोष आहेत. निवेदक स्वतः फार स्वच्छ राहिला आहे. गावावर बोट ठेवणारा हा माणूस आपल्या आजारपणाच्या आडून सगळे पाहतो आणि त्याच्या अंगाला धूर कमी लागतो. काही ठिकाणी पात्राच्या तोंडून लेखकच बोलू लागतो. दलवाईंची भाषा साधी आहे, कधी कधी वृत्तपत्री आहे. परंतु शेवटच्या भागात घटना अशा वेगाने अंगावर येतात की भाषेकडे लक्ष द्यायला वाचकाला उसंत राहत नाही.

माझे मत असे की कादंबरीकार दलवाई हे निबंधकार दलवाईंपेक्षा मोठे आहेत, आणि हे मत अनेकांना रुचणार नाही. १९६६ च्या १८ एप्रिलला त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! त्या दिवशी हसणारे पुष्कळ होते. सर्वोच्च न्यायालयाने तसा तलाक अवैध ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करताना त्यांनी फुल्यांचा शब्द उचलला, यातच ते कोणत्या परंपरेत स्वतःला पाहत होते ते कळते. ३ मे १९७७ रोजी, पंचेचाळिशीही पुरी व्हायच्या आत ते गेले. आपल्यावर कोणतेही धार्मिक संस्कार करू नयेत हे त्यांनी सांगून ठेवले होते, आणि त्यांचे दहन झाले. या माणसाच्या धैर्यापुढे मी कोण! तरीही त्यांचे लेख वाचताना जाणवते की तेथे 'मुसलमानांचे मन' असा एकवचनी शब्दप्रयोग वरचेवर डोकावतो, आणि फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यांच्याशी मतभेद मांडले ते उगीच नव्हे. 'इंधन'मध्ये मात्र असे एक मन कुठेच सापडत नाही. प्रत्येक उंबऱ्याआड निराळे मन आहे. निबंधात जे त्यांच्या हातून निसटले ते कादंबरीत त्यांनी पुरते पकडले होते, आणि तेही आधीच.

आपण वाचकांनी काय केले? आपण निबंध उचलला आणि कादंबरी ठेवून दिली. कारण निबंध दुसऱ्याला वाचून दाखवता येतो. "पाहा, तुमचाच माणूस काय म्हणतो ते!" हे म्हणण्यासाठी दलवाई आपल्याला हवे असतात. हिंदू जातीयवादावरही त्यांनी कोरडे ओढले आहेत, ती पाने मात्र चिकटलेलीच राहतात.

ही परीक्षा आपल्या घरी आली तेव्हा काय झाले ते फार जुने नाही. आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी २००८ साली आली. तीतले तुकोबांच्या तरुणपणाचे चित्रण वारकऱ्यांना मानहानिकारक वाटले. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेण्यात आले, तरी भागले नाही. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरी म्हणून मला ती 'झोंबी'च्या जवळपासही वाटली नाही. पण पुस्तक वाईट असेल तर ते वाईट आहे असे लिहायचे, हे समीक्षेचे काम. ते न करता बहुतेक समीक्षक त्या महिन्यांत गावाला गेले होते. कोणाचा खून झाला नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी लहान करू इच्छीत नाही. पण भावना दुखावण्याचे जे गणित आपण मुसलमानाच्या नावावर मांडतो, तेच आपल्या पाटीवरही गिरवलेले आहे.

माझाही एक बारीकसा अनुभव आहे. माझ्या एका हस्तलिखितात कीर्तनकार दारू पितो. प्रकाशक म्हणाले, याला तमासगीर करा, लोक नाराज होतील. त्याच हस्तलिखितात एक लबाड मुसलमान कापड व्यापारी होता. त्याच्याविषयी त्यांची काही हरकत नव्हती. उलट तो छान उतरला आहे असे म्हणाले. मी हस्तलिखित परत घेऊन आलो. ते अजून माझ्याकडेच आहे.

दुखावलेल्या जमावाचे चित्र सर्वांना पाठ असते, त्या जमावापुढे एकटे उभे राहिलेले मुसलमान माणूस कोणाला आठवत नाही, याचे महाराष्ट्रातले उदाहरण शिरीन दळवी यांचे. (दळवी, दलवाई नव्हे, पण नावांची ही जवळीक मला नेहमी चमत्कारिक वाटते.) त्या मुंबईत 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादक होत्या. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या हत्याकांडाच्या बातमीबरोबर त्यांच्या पत्रात शार्ली एब्दोचे मुखपृष्ठ छापले गेले. त्यांनी माफी मागितली. तरीही निरनिराळ्या ठिकाणी फिर्यादी झाल्या, अटक झाली, नोकरी गेली, मुंबई आवृत्ती बंद पडली. ओळखू येऊ नये म्हणून बुरखा घेऊन वावरावे लागत असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. पॅरिसच्या रस्त्यांवर त्या महिन्यात लाखो लोक अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी चालले. त्यांच्या बाजूने इथे किती मराठी लेखक चालले? फिर्यादी करणारे मुसलमान होते, हे आपण लगेच मोजले. जिच्यावर फिर्याद झाली तीही मुसलमान होती, हे मोजायचे राहिले.

सुट्टीत 'इंधन' मिळवून वाचणाऱ्याने तिच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवावे. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा यांचे आत्मचरित्र, 'मी भरून पावले आहे', १९९५ सालचे. दलवाईंच्या मागे चाळीस वर्षे त्यांनी ते काम सोडले नाही. २०१७ च्या जून महिन्यात त्या गेल्या. न्यायालयाचा निकाल ऑगस्टात लागला. पुस्तकात मोठा आव नाही. नवरा चळवळीत, आपण नोकरीत, घरात पैसा बेताचा, मग त्याचे दीर्घ आजारपण, आणि नातलगांचे बोलणे, असे सगळे ओळीने सांगितले आहे, जसे बायका पापड लाटताना एकमेकींना सांगतात. 'इंधन'मधल्या घरांत बायका आतल्या खोलीत असतात आणि त्यांच्या वाट्याला बोलणे कमी आले आहे. त्या बोलल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, याचा थोडा अंदाज या पुस्तकावरून येतो.